नळी सरळ आहे का?

बंदुका बनवणाऱ्या कारखान्यात बंदुकीबद्दल फारसं कुणी बोलत नाही. बोलणं असतं नळीबद्दल, बोल्टबद्दल, एखाद्या हट्टी स्प्रिंगबद्दल आणि सगळ्यात जास्त कॅन्टीनच्या सांबाराबद्दल. मी तिरुचिरापल्लीच्या आयुध कारखान्यात उभी नोकरी काढली, तीही बहुतेक गेज विभागात. गेज म्हणजे माप तपासायचं साधन. साधा प्लग गेज घ्या: त्याचं एक टोक भोकात गेलंच पाहिजे, दुसरं जाता कामा नये. पहिल्याला ‘गो’ म्हणतात, दुसऱ्याला ‘नो गो’. दोन्ही अटी पाळल्या तर नग पास, नाही तर लाल रंगाच्या ट्रेमध्ये. पोटापाण्याचा सगळा व्यवहार या दोन शब्दांवर चालला.

मी मूळचा खडकीचा. वडील तिथल्या दारूगोळा कारखान्यात होते, आणि आमच्या भागात घड्याळापेक्षा भोंग्यावर लोकांचा विश्वास जास्त. आयटीआय, अप्रेंटिसशिप असं करत मी तिरुचीला पोचलो. १९६२ च्या युद्धानंतर देशाने लहान शस्त्रांसाठी जी नवी उभारणी केली, तिच्यातला हा १९६६ सालचा कारखाना. पुढे लग्न झालं ते कुंभकोणम्‌च्या मराठी घरातल्या मुलीशी. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तंजावर घेतलं, तेव्हापासून कावेरीकाठी स्थिरावलेल्या घरांपैकी हे एक. सासरी बोलतात ती मराठी मला सुरुवातीला निम्मीच कळायची. उरलेल्या निम्म्यासाठी बायकोकडे बघायचं. निवृत्त झाल्यावर पुण्याला परतायचं की इथेच राहायचं यावर घरात फार चर्चा झाली नाही. कुंभकोणम्‌ला डिग्री कॉफी मिळते आणि माणसं दुपारी झोपू देतात.

आपल्याकडे आज काय बनतं नि कसं बनतं, ते मी लिहिणार नाही. ते लिहायचं नसतं. लिहायचंय ते दुसरंच. नोकरीत जे काम हाताने केलं, त्याचा अर्थ मला या गावात आल्यावर लागला. एका बाजूला तंजावरची तोफ, दुसऱ्या बाजूला स्वामीमलैचे मूर्तिकार, आणि मध्ये मी, खिशात जुनी स्टीलची पट्टी घेऊन.

तंजावरच्या जुन्या कोटाच्या पूर्व बाजूला, कीळ अलंगम भागात, एक उंच चौथरा आहे. लोक त्याला बीरंगी मेडू म्हणतात. वर सतराव्या शतकातली लोखंडी तोफ ठेवलेली आहे: लांबी पंचवीस फुटांच्या आसपास, वजन वीस टनांहून जास्त. ती रघुनाथ नायकाच्या कारकिर्दीतली. कुंभकोणम्‌चं रामस्वामी मंदिर बांधणारा राजा तोच, आणि १६२० साली डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांना तरंगंबाडीला किल्ला बांधू देणाराही तोच. मंदिराच्या भिंतीवर अख्खं रामायण चितारलेलं आहे. तोफेवर नक्षी जवळजवळ नाही. ज्याने ती घडवली त्याचं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे होतं.

ही तोफ ओतलेली नाही, घडवलेली आहे. आत लोखंडाच्या लांब पट्ट्या, चाळिसाहून अधिक, कडेला कड लावून गोलाकार उभ्या केलेल्या. त्यांच्यावर तापवलेली लोखंडी कडी एकामागून एक चढवून, ठोकून एकजीव केलेली. त्या थरावर कड्यांचा आणखी थर, खालचे सांधे झाकले जातील असा. कडं गरम असताना थोडं फुगलेलं असतं. थंड होताना ते आकसतं आणि आतल्या नळीला आवळून धरतं. आपल्याकडे बैलगाडीच्या चाकावर लोहार धाव चढवतो, तेच तंत्र, फक्त आत लाकडाऐवजी लोखंड आणि बाहेर शत्रू.

एवढा खटाटोप कशाला, असं मला पहिल्यांदा वाटलं. उत्तर भट्टीत आहे. त्या काळच्या आपल्या भट्टीत लोखंड पूर्ण वितळत नसे. मऊ, सच्छिद्र गोळा निघायचा, तो ठोकून ठोकून मळी बाहेर काढायची, आणि एका खेपेला हाती यायचं ते किलोंच्या हिशोबात. वीस टनांची वस्तू ओतायला वितळलेलं लोखंड आणायचं कुठून? कासं वितळतं, म्हणून १५४९ साली अहमदनगरला मुलूख-ए-मैदान ओतता आली. ती आज विजापूरला आहे. पण काशाला तांबं आणि कथील लागतं, आणि दोन्ही महाग. लोखंड गावोगावी होतं. तेव्हा लहान लहान तुकड्यांतून मोठी नळी उभी करायची, आणि ती आतल्या स्फोटाने फाटू नये म्हणून बाहेरून आवळायची, हा मार्ग इथल्या लोहारांनी धरला. आयआयटी कानपूरचे प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम यांनी दिल्लीच्या लोहस्तंभाइतक्याच आस्थेने अशा तोफांचा अभ्यास केला. बंगालमधल्या विष्णुपूरची दलमादल तोफही याच पद्धतीची.

तोफेपाशी उभं राहिलं की गेजवाल्याला पहिला प्रश्न पडतो तो भोकाचा. पट्ट्या जुळवून केलेलं भोक काटेकोर गोल असणं शक्यच नाही. मग गोळा अडकू नये म्हणून तो भोकापेक्षा बराच लहान ठेवायचा. म्हणजे दारूचा वायू गोळ्याच्या बाजूने निसटणार, जोर वाया जाणार, गोळा आत या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत बाहेर पडणार आणि शेवटची धडक ज्या बाजूला बसली असेल त्याच्या उलट बाजूला जाणार. हे त्या लोहाराला ठाऊक नव्हतं असं नाही. त्याच्याकडे ते मापायला आणि सुधारायला साधन नव्हतं.

आता सव्वादोनशे वर्षं पुढे जाऊ. क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिशांना त्यांच्या अवजड तोफा चिखलातून ओढाव्या लागल्या, त्या बातम्या वाचून विल्यम आर्मस्ट्राँग या माणसाने नवी तोफ बनवायला घेतली. हा मुळात वकील, नंतर पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांचा कारखानदार. १८५५ साली त्याची पहिली तोफ तयार झाली. तिच्यात नवं काय होतं? आतल्या नळीवर घडीव लोखंडाची कडी तापवून चढवायची आणि आकसू द्यायची. तंजावरच्या लोहाराला हे दाखवलं असतं तर त्याने मान डोलावली असती.

पण एक फरक होता, आणि माझ्या दृष्टीने सगळा इतिहास त्या फरकात आहे. आर्मस्ट्राँगच्या काळी जाड भिंतीच्या नळीत ताण कसा वाटला जातो याचं गणित झालेलं होतं. फ्रान्सच्या लामेने ते १८३० च्या दशकात मांडलं. आतला थर सगळ्यात जास्त ताण सोसतो, बाहेरचा कमी. तेव्हा बाहेरच्या थराने आतल्याला आधीच दाबून धरलं, तर स्फोटाच्या क्षणी दोघं मिळून भार उचलतात. आणि त्याच्याकडे लेथ होता. कड्याचं भोक नळीच्या व्यासापेक्षा ठरवून किती लहान ठेवायचं, हे तो आकड्यात सांगू शकत होता आणि तेवढंच कापू शकत होता. आकसवायची कल्पना दोघांची एकच. किती आकसवायचं, हे फक्त एकालाच ठरवता येत होतं.

१८५५ हे साल तंजावरच्या बखरीतही आहे. त्या वर्षी शेवटचा राजा, दुसरा शिवाजी, पुरुष वारस न ठेवता वारला आणि कंपनीने राज्य आटोपलं. राजवाड्यातला शिलेखानाही कंपनीच्या ताब्यात गेला. मद्रास इलाख्यातला एक इंग्रज अधिकारी, वॉलहाऊस, याने १८७८ साली ‘इंडियन अँटिक्वरी’त या शिलेखान्याबद्दल लिहिलं आहे: शस्त्रांचे ढीगच्या ढीग, त्यांतले निवडक नग मद्रासच्या संग्रहालयात गेले, बाकी मोडून भंगाराच्या भावाने विकले. चेन्नईला एग्मोरच्या संग्रहालयात उरलेल्यांपैकी काही दिसतात.

तिथल्या तोड्याच्या बंदुका मी निवांत बघितल्या आहेत. लांब, सडपातळ नळी. चाप ओढला की घोडा खाली येतो, त्याच्या चिमट्यातली जळती वात कानातल्या रंजकीला लागते, तिथून आग बारीक छिद्रातून आतल्या दारूपर्यंत. दारू, चिंधी, गोळी, सगळं तोंडाकडून गजाने ठासायचं. नळी बनवायची ती लोखंडाची पट्टी दांड्याभोवती वेटोळ्यात गुंडाळून, सांधे तापवून ठोकून. चांगल्या कारागिराच्या नळीवर त्या वेटोळ्यांची नागमोडी वेलबुट्टी उमटते. डोळ्यांना ती नक्षी वाटते, पण तो सांध्यांचा नकाशा आहे. या बंदुका वाईट नव्हत्या. चकमकीच्या बंदुकीपेक्षा त्यांत बिघडायला कमी भाग होते, नळी लांब असल्यामुळे मारा दूरचा होता, आणि गावचा लोहार त्या दुरुस्त करू शकत होता. युरोपात चकमक सर्रास झाल्यावरही आपल्याकडे तोडा टिकला, तो अडाणीपणामुळे नव्हे.

फक्त एक गोष्ट होती. प्रत्येक नळीचं भोक वेगळं. म्हणून प्रत्येक बंदुकीसोबत तिचा स्वतःचा गोळीचा साचा असायचा. लढाईत शेजाऱ्याच्या गोळ्या संपल्या तर माझ्या त्याला चालतीलच असं नाही. माझ्या बंदुकीचा घोडा मोडला तर दुसऱ्या मोडक्या बंदुकीचा काढून बसवता येईलच असं नाही. कानस घेऊन लोहाराने बसावं लागणार. हजार बंदुका म्हणजे हजार स्वतंत्र वस्तू.

शस्त्रांच्या इतिहासाची पुस्तकं शोधांची रांग लावतात: तोडा, चकमक, टोपी, मागून भरायची बंदूक, आटे, मॅगझिन. वाचणाऱ्याला वाटतं, एकाला सुचलं मग दुसऱ्याला. प्रत्यक्षात बहुतेक कल्पना फार आधीच सुचलेल्या होत्या. मागून भरायच्या लहान तोफा पंधराव्या-सोळाव्या शतकात जहाजांवर सर्रास होत्या. सुटा दारूचा डबा मागून बसवायचा आणि पाचर ठोकायची. पाचरीच्या फटीतून आग बाहेर यायची, म्हणून लोक पुन्हा ठासणीकडे गेले. नळीच्या आत पिळाचे आटे पाडले तर गोळी स्वतःभोवती फिरते आणि सरळ जाते, हे जर्मन कारागिरांना सोळाव्या शतकात माहीत होतं. पण आट्यांत घट्ट बसणारी गोळी तोंडाकडून ठोकून बसवायला इतका वेळ लागे, की ती बंदूक शिकाऱ्यांकडे राहिली. सैन्यात आटे सर्रास आले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, मिनिएची गोळी आल्यावर: आत सैल जाणारी, पण उडताना बूड फुगून आट्यांत रुतणारी. मागून भरणं खरं जमलं ते पितळी काडतूस आल्यावर, कारण पितळेची टोपण-नळी स्फोटाच्या क्षणी फुगून फट बंद करते आणि लगेच पुन्हा आकसते. आर्मस्ट्राँगची तोफही मागून भरायची होती, आणि तिच्या त्या भागाच्या तक्रारींमुळे ब्रिटिश सैन्य काही वर्षं परत ठासणीच्या तोफांकडे वळलं होतं.

म्हणजे कल्पना वाट बघत बसलेली असते. तिला हवा तसा धातू आणि हवं तेवढं काटेकोर माप मिळालं की ती उठते.

मापाची गोष्ट पॅरिसजवळ सुरू होते. ओनोरे ब्लांक नावाच्या बंदूककाराने १७८५ साली सुट्या भागांचे ढीग लावले: चाप एकीकडे, स्प्रिंगा एकीकडे, घोडे एकीकडे. थॉमस जेफरसन तेव्हा अमेरिकेचा वकील म्हणून तिथे होता. त्याने हाताला येईल तो भाग उचलून बंदुकीच्या चापाच्या अख्ख्या यंत्रणा स्वतः जुळवल्या, आणि त्या जुळल्या, असं त्याने मायदेशी कळवलं. अमेरिकेत हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारात जॉन हॉलने १८२० च्या दशकात यंत्रं आणि गेज वापरून हे प्रत्यक्षात आणलं. अमेरिकेतून तशी यंत्रं १८५० च्या दशकात इंग्लंडला, एनफिल्डच्या कारखान्यात गेली. १८५७ म्हटलं की आपल्याला एनफिल्डच्या काडतुसाची चरबी आठवते. त्याच बंदुकीचे सुटे भाग आता एकमेकांना चालणार होते, ही बातमी त्या गदारोळात कुणाच्या कानावर जाणार?

आपल्याकडे कारागीर कमी होते म्हणून आपण मागे पडलो, हे मला पटत नाही. महादजी शिंद्यांच्या फौजेसाठी आग्र्याला तोफा-बंदुका बनत होत्या, आणि १८०३ साली असईच्या रणात शिंद्यांच्या तोफखान्याने वेलस्लीच्या पलटणींची काय अवस्था केली ते इंग्रजांनीच लिहून ठेवलं आहे. उणीव हाताची नव्हती. एका हाताने केलेलं दुसऱ्या हाताने न पाहता जुळावं, यासाठी मधे जो मुका मध्यस्थ लागतो, तो गेज आपल्याकडे तयार झाला नाही. व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रकाराची मला म्हणूनच गंमत वाटते. स्क्रूच्या आट्यांचं प्रमाण १८४१ मध्ये ठरवणारा तोच, इंचाचा दशलक्षावा भाग जाणवणारं मापयंत्र १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात मांडणारा तोच, आणि षट्कोनी भोकाची अचूक रायफल काढणाराही तोच. तिन्ही कामं त्याला एकच वाटत असणार.

पुढचा टप्पा दारूचा. १८८४ मध्ये फ्रान्सच्या व्हिएने बिनधुराची दारू बनवली आणि काळ्या दारूचे दिवस भरले. धूर नाही, नळीत काजळी कमी, आणि दाब कितीतरी जास्त. आपल्या निलगिरीत अरुवनकाडूला कॉर्डाइटचा कारखाना आला तो याच बदलातून, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. दाब वाढल्यावर घडीव लोखंडाची नळी चालेना, पोलाद आलं. गोळी लहान आणि वेगवान झाली. कंपनीच्या शिपायाच्या बंदुकीचं भोक १९ मिलिमीटर होतं. एनफिल्डचं साडेचौदाच्या वर, मार्टिनी-हेन्रीचं साडेअकराच्या आसपास. १९६२ ला आपल्या जवानांच्या हातात असलेल्या थ्री-नॉट-थ्रीचं ७.७. मग एसएलआर रायफलीचं ७.६२. पुण्याच्या एआरडीई या संशोधन संस्थेने आखलेल्या इन्सास रायफलीचं ५.५६. भोक लहान होत गेलं आणि त्यातली चूक खपवून घ्यायची जागाही. आज एवढ्याशा नळीत साडेतीन हजार वातावरणांहून अधिक दाब क्षणभर उभा राहतो. मोठ्या तोफांच्या नळ्यांत तर आता बाहेरून कडी चढवतही नाहीत. नळीच्या आत प्रचंड दाब देऊन आतला थर मुद्दाम थोडा ताणून ठेवतात, म्हणजे बाहेरचा थर त्याला कायमचा आवळून धरतो. एकाच धातूत आतली नळीही आली आणि बाहेरचं कडंही. रघुनाथ नायकाच्या लोहाराचीच युक्ती, कडं काढून टाकल्यावरची.

हे सगळं आकड्यांचं झालं. पण कारखान्यात मला ज्याने सगळ्यात जास्त शिकवलं तो माणूस आकडे जवळजवळ वापरत नसे. नळी सरळ करणारे जुने कारागीर तेव्हा होते. आमचे अण्णा त्यांतले. घासूनपुसून लखलखीत केलेली नळी ते दुधी काचेच्या उजेडाकडे धरायचे. काचेवर एक आडवी काळी रेघ. नळीच्या आतल्या चकाकीत त्या रेघेची सावली पडते, आणि नळी सरळ असेल तर सावलीच्या कडा सरळ धावतात. कुठे केसाएवढा बाक असेल तर तिथे सावली मोडते. अण्णा नळी बोटांत फिरवत फिरवत बाक शोधायचे, ती दाबयंत्रात धरायचे आणि हाताच्या चाकाने एक हलका झटका द्यायचे. परत उजेडाकडे. माझा गेज नळी नापास करायचा, पण का नापास ते सांगायचा नाही. अण्णांना ते दिसायचं.

मी एकदा विचारलं, “अण्णा, किती दाबायचं ते कसं कळतं?”

“सार, जितकं वाकलंय त्याच्यापेक्षा थोडं जास्त. लोखंड परत येतं ना.”

लोखंड परत येतं: ताण सोडला की थोडं मागे सरकतं. तो ‘थोडं जास्त’ किती, हे प्रत्येक नळीचं वेगळं. अण्णा निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी यंत्र आलं, आणि यंत्र चांगलं काम करतं. पण यंत्र बसवायला आलेल्या तंत्रज्ञांनी आधी दोन दिवस अण्णांच्या शिष्याच्या शेजारी बसून काढले होते.

उलट बाजूचं उदाहरणही सांगायला हवं, नाही तर मी मापाचा भक्तच ठरेन. कलाश्निकोवच्या १९४७ च्या रायफलीबद्दल लोक म्हणतात की ती सैल आहे म्हणून चालते: वाळू, चिखल, काहीही. खरंच तिच्या सरकत्या भागांत मोकळी जागा उदार आहे. पण बोल्टचं तोंड आणि काडतुसाचं बूड यांतली फट तिथेही काटेकोर तपासावी लागते. तिथे सैलपणा आला तर काडतूस फाटतं. कुठे ढिलं सोडायचं आणि कुठे मुळीच नाही, हे ठरवायला जास्त नेमकं माप लागतं. ढिलाईसुद्धा मोजूनच ठेवलेली आहे.

आता स्वामीमलै. कुंभकोणम्‌हून सायकलवर जाण्याइतकं जवळ. चोळांच्या काळापासूनची पंचधातूच्या मूर्तींची परंपरा सांगणारी घरं तिथे आहेत. एका वयस्क स्थपतींकडे माझं जाणं-येणं झालं, ते मुख्यतः त्यांची ‘पट्टी’ बघून. नारळाच्या झावळीची एक पाती, मूर्तीच्या उंचीएवढी कापलेली. ती घड्या घालून सारख्या भागांत विभागायची; चेहरा किती, गळा किती, छाती किती, सगळं त्या घड्यांवरून. आकडा कुठेच नाही. मूर्ती वीतभर असो की पुरुषभर, प्रमाण तेच राहतं, कारण माप त्या मूर्तीतूनच निघालेलं असतं. मग मेणाची मूर्ती, तिच्यावर कावेरीच्या गाळाची माती, भाजून मेण बाहेर, धातू आत. शेवटी साचा फोडायचा. तो साचा पुन्हा वापरायचा नाही.

माझं काम काय होतं ते मी त्यांना सांगितलं. सगळे नग सारखे, कोणताही भाग कुठेही बसतो. त्यांनी बराच वेळ विचार केला.

“सगळ्या सारख्या, तर कोणती कुणाची हे कसं कळतं?”

“नंबर ठोकतो, अय्या.”

“आणि तुमचं शेवटचं काम काय असतं? आम्ही शेवटी डोळे उघडतो.”

आमचं शेवटचं काम म्हणजे प्रूफ. नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस घालून, माणूस बाजूला ठेवून, नळी उडवून बघायची. टिकली तर चिरांची तपासणी, परत गेज, आणि मग प्रूफचा शिक्का. मी ते त्यांना समजावलं. ते म्हणाले, “म्हणजे तुम्ही तिला मारून बघता.” मला यावर काही उत्तर सुचलं नाही, आणि त्यांनीही आग्रह धरला नाही. कॉफी आली.

नातेवाईक अधूनमधून विचारतात, हे काम करताना मनाला काही वाटायचं नाही का? प्रश्न सरळ आहे, उत्तरही सरळ द्यायला हवं. गेज विभागात वाटायला जागा फार नसते. मी ज्या टोकाची काळजी घेत होतो ते मागचं टोक: नळी फुटून जवानाच्या तोंडावर येऊ नये, काडतूस अडकून ऐन वेळी त्याचा घात होऊ नये. त्या टोकाशी असलेल्या मुलाचा चेहरा मी मनात धरू शकत होतो. खडकीत आणि साताऱ्यात तसे चेहरे घरोघरी आहेत. पुढचं टोक ड्रॉइंगवर फक्त एक परिमाण असतं. मी त्या परिमाणाच्या पलीकडे सहसा गेलो नाही, आणि जाऊ नये अशीच त्या कामाची रचना आहे.

बीरंगी मेडूवरच्या लोहाराला ही सोय नव्हती. त्याची तोफ एकच. ती कोणत्या वेशीवर बसणार, कोणत्या रस्त्याकडे तोंड करणार, कुणाच्या हुकमाने डागली जाणार, हे त्याला माहीत होतं, कारण ती हलवणंही सोपं नव्हतं. चुकली असती तर त्याच्याच गावातली माणसं मेली असती. बंदूक जसजशी अचूक झाली, एकसारखी झाली, तसतशी ती बनवणाऱ्यापासून सुटी झाली. ज्या गुणामुळे कुठलाही भाग कुठेही बसतो, त्याच गुणामुळे कुठलीही बंदूक कुठेही जाते. आम्ही ठोकलेला नंबर तिचा पत्ता सांगतो, हेतू सांगत नाही.

मापाची जबाबदारी गेजवर टाकता येते; त्यासाठीच तो शोधला गेला. वापराची जबाबदारी टाकायला तसं साधन कुणी केलेलं नाही, आणि होणारही नाही. ती हुकूम देणाऱ्यांवर आहे, खरेदी मंजूर करणाऱ्यांवर आहे, ज्यांच्या करातून माझा पगार झाला त्या सगळ्यांवर आहे, आणि त्या पगारावर कुंभकोणम्‌ला घर घेऊन दुपारी झोपणाऱ्या माझ्यावरही आहे. नव्याने भरती होणाऱ्या मुलांना भेटलो की मी त्यांना दोन गोष्टी सांगतो: गेज हाताळण्याआधी पुसून घ्या, आणि पुढच्या टोकाबद्दल विचारणं तुमच्या कामात बसत नाही असं कुणी म्हणालं तर ते मनाला लावून घेऊ नका, विचारा.